खुलासा: नुसत्या रिंगा बदलून जुनं टर्बो डिझेल इंजिन नवं होत नाही

‘इंजिन धूर मारतंय, ऑइल खातंय? रिंगा बदला, अ‍ॅव्हरेज परत येईल’ असा एक संदेश फिरतो आहे. (रिंगा म्हणजे पिस्टनभोवती बसणारी कडी.) तो अर्धवट आहे, आणि अशा कामात लोकांचे पैसे वाया जातात म्हणून हे लिहितो आहे.

बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते सिलिंडरचं भोक) सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथे थांबून मागे फिरते, तिथे झीज सर्वाधिक. तिच्या वर न झिजलेला काठ उरतो, आणि नवी रिंग त्यावर आपटून तुटू शकते. बोअर निमुळता किंवा लंबगोल झाला असेल, तर गोल रिंग त्यात नीट बसणारच नाही. म्हणून आधी बोअर गेजने वर, मध्ये, खाली, काटकोनातल्या दोन्ही दिशांनी माप घ्या. झीज मर्यादेत असेल तर होनिंग (बोअर आतून हलकं घासून घेणं) पुरतं. नसेल तर ओव्हरसाइज पिस्टन किंवा नवा लायनर (बोअरचं आतलं अस्तर).

अ‍ॅव्हरेजचा प्रश्न तर नोझलपाशीही, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या तोंडाशीही असतो. गळका इंजेक्टर डिझेल वाया घालवतो, शिवाय बोअरवरचं ऑइल धुऊन काढतो. त्यामुळे इंजेक्टर बेंचवर तपासल्याशिवाय इंजिन जोडू नका. टर्बोची ऑइल नळी काजळीने अर्धी बुजलेली असेल तर ती बदलाच.

हेड गॅस्केटची (ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलची) जाडी बऱ्याच इंजिनांत पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो त्यावरून ठरते. जुन्यासारखीच आणून बसवू नका.

नव्या रिंगा बोअरला घासून नीट बसेपर्यंत इंजिन तासन्‌तास आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं सुरू) ठेवू नका. मध्यम लोडवर, आरपीएम बदलत चालवा.