ओयोच्या राजाबरोबर आज कोणालाही पुरत नाहीत

ताईच्या मुलाला नायजेरियातल्या इबादान शहरात नोकरी लागली आहे. व्हिसा झाला, तारीख ठरली, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज वाचून ताईने त्याला 'जायचं नाही' असं सांगून टाकलं. दोन दिवस घरात रडारड चालली आहे. तोच मेसेज मला नंतर इतर ग्रुपांवरही दिसला, म्हणून हे सगळ्यांसाठी लिहितोय.

मेसेजचा सारांश असा: नायजेरियातल्या योरुबा लोकांचा राजा 'अलाफिन' मेला की त्याच्या राण्या, नोकर आणि हाती लागतील ते परके लोक जिवंत पुरतात, २०२२ सालीसुद्धा हेच झालं. राजाचा शब्द हाच कायदा, त्याला अडवणारा कोणी नाही. राजा म्हणजे अडाणी टोळीप्रमुख. त्याला ढीगभर बायका. आणि इंग्रज आले म्हणून हे लोक थोडे तरी सुधारले. खाली मण्यांच्या दागिन्यांतल्या एका वृद्धाचा फोटो.

फोटोतले गृहस्थ लमिदी अदेयेमी तिसरे. १९७० साली ते ओयोचे, म्हणजे योरुबांच्या एका जुन्या राज्याचे, अलाफिन झाले आणि २२ एप्रिल २०२२ रोजी, वयाच्या ८३व्या वर्षी, आडो-एकिटीतल्या एका विद्यापीठाच्या रुग्णालयात वारले. ते मुसलमान होते. दुसऱ्या दिवशी ओयोत त्यांची जनाझा नमाज झाली, राजघराण्याचे परंपरागत विधी झाले आणि राजांच्या दफनभूमीत त्यांना एकट्याला मूठमाती दिली गेली. त्यांच्या राण्यांच्या बातम्या नायजेरियाच्या वर्तमानपत्रांत त्यानंतरही येत राहिल्या. ज्यांना जिवंत पुरलं म्हणून इथे लोक हळहळत आहेत, त्या बायका हयात आहेत! फॉरवर्ड करण्याआधी एवढं तरी शोधायला काय हरकत होती?

आता त्यातला अर्धा भाग खरा आहे तो सांगतो, कारण तो लपवला तर उरलेलं कोणी ऐकणार नाही. राजाबरोबर मरण्याची प्रथा ओयोत होती. पण ती रस्त्यावरच्या परक्यांना धरून आणण्याची नव्हती. ठरावीक मानाची पदं होती. एलेसिन म्हणजे राजाचा अश्वाधिकारी, दरबारातल्या काही मानकरी स्त्रिया, आणि राजाचा थोरला मुलगा, आरेमो. बापाच्या हयातीत सत्तेचा वाटा मिळालेल्या या मुलाने बाप मेल्यावर स्वतःही मरायचं, असा दंडक होता. बापाला लवकर संपवण्याचा मोह मुलाला होऊ नये, हा त्यामागचा हिशेब. प्रथा क्रूर होती, त्यावर मी पांघरूण घालणार नाही.

पण ती मोडली कोणी? अलाफिन अतिबा यांनी. आपला मुलगा अदेलू मरणार नाही, आपल्यामागे गादीवर बसेल, असं त्यांनी ठरवलं आणि १८५९ मध्ये अतिबा गेल्यावर अदेलू खरोखरच बसले. हे सगळ्यांना पटलं नाही. इजायेचा बलाढ्य सरदार कुरुन्मी म्हणाला, ही परंपरेची विटंबना आहे, मी असल्या राजाला मानणार नाही. इबादान अदेलूंच्या बाजूने उभं राहिलं. युद्ध पेटलं, कुरुन्मीची मुलं त्यात मारली गेली, तो स्वतः गेला, आणि १८६२ मध्ये इजाये शहर उद्ध्वस्त झालं. म्हणजे एका राजपुत्राने जगायचं की मरायचं यावर या लोकांनी आपसात वाद घातला, त्यासाठी रक्त सांडलं, आणि अखेर जगण्याची बाजू जिंकली. शिवाय भाचा ज्या इबादानला निघालाय, ते शहर या लढाईत त्या जिवंत राहिलेल्या राजपुत्राच्या बाजूने लढलेलं आहे!

इंग्रजांनी सुधारलं म्हणणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात. लागोस इंग्रजांनी घेतलं १८६१ साली, म्हणजे अतिबांच्या मृत्यूनंतर. ओयोवर त्यांनी तोफा डागल्या १८९५ मध्ये.

माझा मुख्य आधार सॅम्युअल जॉन्सन. हे स्वतः योरुबा, ख्रिस्ती पाद्री, ओयोतच राहून काम केलेले. योरुबांचा इतिहास त्यांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केला. इंग्लंडला पाठवलेलं हस्तलिखित तिथे हरवलं, जॉन्सन वारले, मग त्यांच्या डॉक्टर भावाने टिपणांवरून तो पुन्हा उभा केला आणि १९२१ साली तो छापला गेला. त्यात स्पष्ट म्हटलंय की आता स्त्रिया सोडल्या तर बाकीचे सगळे मरायला नकार देतात आणि त्यांच्यावर कोणी सक्ती करत नाही. 'स्त्रिया सोडल्या तर' हे शब्द वाचताना पोटात कालवतं. तरीही सव्वाशे वर्षांपूर्वी जी प्रथा शेवटच्या घटका मोजत होती, ती २०२२ची बातमी म्हणून पसरवणं हे खोटंच आहे.

१९४०च्या दशकात तिची एक अखेरची उसळी दिसते. अलाफिन सियानबोला लादिगबोलू वारल्यावर एलेसिन राजामागे जायला निघाला, इंग्रज अधिकाऱ्याने त्याला अडवलं, आणि त्याच्या जागी त्याच्या मुलाने जीव दिला. नायजेरियाचे नाटककार वोले सोयिंका यांचं प्रसिद्ध नाटक या घटनेवरूनच आलंय. इंग्रजांच्या 'सुधारणे'चा दाखला म्हणून हा प्रसंग कोणाला वापरायचा असेल तर त्या मुलाचं काय झालं तेही सांगावं.

राजाला अडवणारा कोणी नाही, हा मुद्दा तर पूर्ण उलटा आहे. ओयोत सात सरदारांचं मंडळ आहे, ओयो मेसी. त्याचा प्रमुख बाशोरुन. जुन्या काळी राजा जुलमी झाला तर हे मंडळ त्याच्याकडे रिकामा तुंबा किंवा पोपटाची अंडी पाठवायचं. अर्थ एकच, लोकांनी तुला नाकारलंय, आता मर. आणि राजाला मरावं लागे. हा अधिकार मंडळाने ऊठसूट वापरू नये म्हणून त्यांच्यातल्याही एकाला राजाबरोबर जावं लागे. अठराव्या शतकात बाशोरुन गा याने याचा कहर केला. जॉन्सन लिहितात की त्याने पाच राजे गादीवर बसवले, चौघांचा बळी घेतला, आणि पाचव्याने, म्हणजे अबिओदुन यांनी, त्याला संपवलं. ज्या गादीवर बसणाऱ्याला रोज या सातांची भीती, त्याची सत्ता अमर्याद कशी?

खुद्द लमिदींचं आयुष्य बघा. त्यांचे वडील अदेनिरान अदेयेमी दुसरे हेही अलाफिन होते. १९५०च्या दशकात ॲक्शन ग्रुप पक्षाचे बडे नेते बोडे थॉमस यांच्याशी त्यांचं बिनसलं आणि सरकारने त्यांना हद्दपार करून गादीवरून काढलं. मुलाने हे तरुणपणी पाहिलं. लागोसला सेंट ग्रेगरीज कॉलेजात शिकला, विमा कंपनीत नोकरी केली, मुष्टियुद्ध खेळला, पुढे राजा झाला, सोकोटोच्या विद्यापीठाचा कुलपतीही झाला. याला अडाणी टोळीप्रमुख म्हणायचं?

बायका अनेक होत्या, हे खरं. कबूल. त्यावर कोणाला टीका करायची असेल तर जरूर करावी, पण माणसं पुरण्याशी तिचा काही संबंध नाही.

आणि आजचा राजा कसा ठरतो तेही ताईला सांगितलं. अतिबांच्या दोन मुलांपासून निघालेली दोन राजघराणी आहेत, आगुनलोये आणि आलोवोलोदू. लमिदी दुसऱ्यातले. त्यांच्यानंतर ओयो मेसीने एक नाव सुचवलं, राज्याचे गव्हर्नर सेयी माकिंदे यांनी ते मान्य केलं नाही, लाच दिल्याघेतल्याचे आरोप झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि गादी जवळजवळ तीन वर्षं रिकामी राहिली. जानेवारी २०२५ मध्ये गव्हर्नरांनी आगुनलोये घराण्यातले अकीम ओवोआदे यांच्या नावाला मंजुरी दिली आणि एप्रिलमध्ये राज्याभिषेक झाला.

भाच्याने इबादानला जाऊन विचारायचं असेल तर पगार वेळेवर होतो का, घर सुरक्षित वस्तीत आहे का, मलेरियाची काळजी कशी घ्यायची, हे विचारावं. ताई, तिकीट रद्द करू नकोस.