'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' म्हणजे साउंड कार्ड गेलं असं नाही

कोल्हापुरात राजारामपुरी-शाहूपुरीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतोय: डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली हार्डवेअरची यादी) रियलटेक या साउंड चिप बनवणाऱ्या कंपनीच्या नावाऐवजी 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' दिसलं की साउंड कार्ड गेलं, नवीन घाला. हे साफ चुकीचं आहे. आवाजाची चिप विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हरवर (हार्डवेअर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालते, एवढाच त्याचा अर्थ. आवाज नीट येत असेल तर कृपा करून एक रुपयाही घालवू नका.

त्या नावावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा. ड्रायव्हर टॅबवर 'ड्रायव्हर प्रोव्हायडर' कोण ते कळतं. डिटेल्स टॅबमधल्या हार्डवेअर आयडीत 'व्हीईएन' (VEN, म्हणजे बनवणारी कंपनी) पुढे '10ईसी' (10EC) असेल, तर चिप रियलटेकचीच. लिनक्सवरही नावावर जाऊ नका: 'एसएनडी एचडीए इंटेल' (snd_hda_intel) हा ड्रायव्हर एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरच्या मशिनवरही दिसतो. त्यावरून चिप इंटेलची ठरत नाही.