अठराव्या वाढदिवसाचं काय झालं?

ग्वाल्हेरच्या मराठी वाचकांच्या ग्रुपांवर सध्या एका इंग्रजी यंग अ‍ॅडल्ट थ्रिलरबद्दलचा संदेश फिरतो आहे. "एका बैठकीत संपते, आणि यातलं मानसशास्त्र शंभर टक्के खरं आहे. सतरा वर्षांच्या मुलीला पालक असलेला काका क्लोरोफॉर्म देऊन उचलतो, एका सहीवर वेड्यांच्या इस्पितळात डांबतो, तिथे तिची स्मृती पुसतात आणि सत्याचं इंजेक्शन देऊन गुपित काढतात. लश्कर भागातल्या पालकांनो, उद्या हे आपल्याकडेही होऊ शकतं." कादंबरीचं नाव घेत नाही, या साच्याच्या दहा तरी सापडतील.

एका बैठकीत संपते, हे कबूल. तीन-चार पानांची प्रकरणं, प्रत्येकाच्या शेवटी एक बंद दार, आणि निवेदन त्या मुलीच्याच तोंडून, वर्तमानकाळात. जिला स्वतःलाच धड आठवत नाही तिचं किती खरं मानायचं, या घोळात 'पण हे होईल कसं?' असं विचारायला उसंत मिळत नाही. कारागिरी उत्तम आहे. पण पानं भराभर उलटली म्हणून आतलं खरं ठरत नाही.

"रुमाल नाकाला लावला, तीन सेकंदांत शुद्ध हरपली." एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म भूल म्हणून वापरात आणलं. भिजल्या फडक्यातून ते हुंगवून माणूस बेशुद्ध व्हायला मिनिटं लागतात, सेकंद नव्हे; तीही तो स्वस्थ पडून श्वास घेत असेल तर. झटापट करणारी मुलगी श्वास रोखते, मान फिरवते. पुढची अडचण याहून मोठी. वाफ थांबली की शुद्ध परत येऊ लागते. चालू ठेवली तर जीभ मागे पडून श्वास कोंडतो किंवा हृदयाची लय बिघडते. म्हणजे काका गाडी चालवणार असेल तर मागच्या सीटवर भूलतज्ज्ञ हवा. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ २८ जानेवारी १८४८ रोजी हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली, आणि तीही डॉक्टरच्या डोळ्यांदेखत. या भुलीत माणूस श्वास थांबून मरतो की हृदय बंद पडून, याचा छडा लावायला निजामाच्या पैशांतून १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादेत दोन कमिशनं बसली होती. आपली नायिका मात्र 'डोकं जड' एवढ्यावर सुटते. द्रव क्लोरोफॉर्म कातडीला लागलं तर भाजतं. तिच्या ओठांभोवती साधी लालीही नाही.

"डोक्यावर फटका बसला आणि ती स्वतःचं नावच विसरली." बहुतेक वेळा उलट होतं. फटक्याच्या आगेमागेचा काळ पुसट होतो, नाव आणि बालपण शाबूत राहतं. हेन्री मोलेसन या अमेरिकी रुग्णाच्या मेंदूतून १९५३ मध्ये अपस्मारावर उपाय म्हणून आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा दोन्हीकडचा बराच भाग काढला. नव्या घटना त्याच्या लक्षात राहीनात, पण आपलं नाव आणि लहानपण त्याला ठाऊक होतं. नाव-गाव विसरण्याचा प्रकार असतो, पण तो दुर्मीळ आणि बहुधा जबर मानसिक आघातातून आलेला. दुसऱ्या फटक्याने आठवण परत येणं हा निव्वळ सिनेमा.

सत्याच्या इंजेक्शनबद्दल फार लिहायला नको. थायोपेंटलसारख्या औषधाने जीभ सैल होते, पण खरं, कल्पना आणि विचारणाऱ्याने सुचवलेलं यांची मिसळ बाहेर येते. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात संमतीशिवायची नार्को चाचणी घटनाबाह्य ठरवली. संमतीने केली तरी तिचा निष्कर्ष हा पुरावा धरत नाहीत.

आता ती एक सही. कादंबरी परदेशातली, तिथले नियम वेगळे. पण संदेश 'आपल्याकडेही' म्हणतो, म्हणून इथला कायदा पाहू. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. अठराच्या आतल्या मुलीला दाखल करायचं तर पालकाचा अर्ज तर हवाच, वर दोन तज्ज्ञांनी, त्यांतला एक तरी मनोविकारतज्ज्ञ, तिला स्वतंत्रपणे तपासायला हवं. तेही दाखल करण्याच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत. बहात्तर तासांत अशा प्रकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या पुनरावलोकन मंडळाला कळवायचं. तिला मोठ्यांच्या वॉर्डात ठेवता येत नाही. राहिलं स्मृती पुसणं. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता विजेचे झटके कुणालाच देता येत नाहीत. अठराच्या आतल्या मुलीला मंडळाच्या पूर्वपरवानगीशिवाय तर नाहीच. झटक्यांनी उपचाराच्या आसपासचं विस्मरण होतं, पण 'ती एक रात्र' निवडून पुसता येत नाही.

कायदा आहे म्हणून सगळं आलबेल, असं कुणी म्हणू नये. ग्वाल्हेरच्या मानसिक आरोग्यशाळेचा कारभार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडी इथल्या मनोरुग्णांच्या आश्रमाला लागलेल्या आगीत साखळदंडांत अडकलेले २८ रुग्ण गेले. पण ते हेळसांडीने गेले. तिथे कुणी काका कट शिजवत नव्हता. थ्रिलरला हेळसांड पचत नाही, कारण तिला चेहरा नसतो.

लेखकाने हे नियम पाळले असते तर गोष्ट फिकी पडली असती, हेही खरं नाही. दाखल मुलगी अठरा वर्षांची झाली की कायद्याने ती स्वतंत्र रुग्ण होते. मग बाहेर पडण्याची मागणी ती स्वतः करू शकते. म्हणजे वाढदिवस हीच काकाची शेवटची तारीख! कादंबरीत तो दिवस येतो, केक कापला जातो आणि सगळे विसरतात. आणखी एक कलम आहे. मुलीचा पालक पुरुष असेल तर तिच्यासोबत पूर्ण काळ एक स्त्री मदतनीस राहिलीच पाहिजे, आणि तिची नेमणूक तो पालकच करतो. रोज रात्री शेजारच्या खाटेवर झोपणारी, काकाने निवडलेली ती बाई कादंबरीत कुठेच नाही.