काल रात्री कुठे होता?

गेल्या हिवाळ्यात झुरिकहून जर्मनीत न्यूरेंबर्गला घरी परत येत होतो. रात्रीची बस, तिकीट 24 युरोचं. इथल्या रेल्वेच्या मानाने जवळजवळ फुकट. बर्फामुळे वाटेत वाहतूक तुंबली आणि तीन तास गेले. पहाटे उल्मच्या अलीकडे ड्रायव्हरने बस एका पार्किंगमध्ये घेतली, इंजिन बंद केलं आणि सांगितलं, माझे तास संपले, दुसरा माणूस येतोय. घर अजून पावणेदोन तासांवर! एक आजीबाई तर त्याच्या अंगावरच धावून गेल्या. मलाही आठला कामावर हजर व्हायचं होतं, त्यामुळे मनातल्या मनात मी आजींच्या बाजूने होतो. तो रुमानियाचा माणूस शांतपणे कॉफी पीत उभा होता. डॅशबोर्डवरच्या यंत्रातून निघालेली कागदाची पट्टी त्याने आजींना दाखवली आणि खांदे उडवले. बदली ड्रायव्हर यायला दोन तास लागले.

चिडलो होतो, हे कबूल. पण त्याच सुमारास अकोल्याहून माझा भाचा ट्रॅव्हल्सने पुण्याला निघाला होता. ती बस दहा तासांची आणि ड्रायव्हर एकच. तिथे मात्र ‘गाडी वेळेत पोचली’ याचंच कौतुक.

आपल्याकडे मोठा अपघात झाला की घरच्या ग्रुपवर आठवडाभर तीच चर्चा चालते. 1 जुलै 2023 ला सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली ट्रॅव्हल्स उलटून पेटली, 25 जण गेले. तेव्हा कुणी टायर फुटल्याचं म्हणालं, कुणी सरळ रस्त्याने येणाऱ्या झापडेचं. अपघाताच्या जागेवर महामृत्युंजय यंत्राचा विधीही झाला. त्याआधी ऑक्टोबर 2022 मध्ये नाशिकला यवतमाळ-मुंबई बस जळाली. ऑक्टोबर 2025 मध्ये कर्नूलला हैदराबाद-बंगळुरू बस जळाली. प्रत्येक वेळी शेवटी बोट एकाच माणसाकडे जातं: ड्रायव्हर. झोपला असेल, प्यायला असेल, ‘आजकालच्या पोरांना जबाबदारीच नाही’. मग कुणीतरी म्हणतं, तुमच्या जर्मनीत बघा, काय शिस्त!

इथल्या शिस्तीबद्दल दोन शब्द. ज्या हिरव्या फ्लिक्सबसने मी हिंडतो त्या कंपनीकडे स्वतःच्या बस फारशा नाहीतच. रंग तिचा, अ‍ॅप तिचं, गाडी आणि चालक कंत्राटदाराचे. म्हणजे आपल्या ट्रॅव्हल्सवाल्याहून फार वेगळा धंदा नाही. 2013 मध्ये जर्मनीने लांब पल्ल्याच्या बस खुल्या केल्या, त्याआधी रेल्वेला जपण्यासाठी त्या अडवून ठेवल्या होत्या. ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून पोलंड-रुमानियाची माणसं येतात, पगारावरून कुरकुर चालूच असते. अपघातही होतात. 27 मार्च 2024 ला बर्लिनहून झुरिकला जाणारी हिरवी बस लाइपझिगजवळ उलटली आणि चार प्रवासी गेले. त्या बसमध्ये दोन ड्रायव्हर होते. म्हणजे इथली माणसं देवमाणसं आहेत, असं काही नाही.

फरक आहे तो त्या कागदाच्या पट्टीत. युरोपात साडेचार तास गाडी हाकली की 45 मिनिटं थांबायचं. दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदाच दहा. हे तास ड्रायव्हर सांगत नाही आणि मालकही लिहीत नाही, टॅकोग्राफ नावाचं यंत्र टिपतं. ड्रायव्हर आपलं कार्ड त्यात घालतो. रस्त्यात पोलिसांनी थांबवलं की मागच्या 56 दिवसांचा हिशेब दाखवावा लागतो. डिसेंबर 2024 पर्यंत 28 दिवसांचा पुरायचा. तास ओलांडले तर दंड ड्रायव्हरला बसतोच, मालकालाही बसतो. लबाडी इथेही होते: सेन्सरला लोहचुंबक लावतात, दुसऱ्याचं कार्ड घालतात. पण लबाडी करायची तरी खटपट करावी लागते, आणि पकडलं गेलं की महागात पडतं.

आता गंमत ऐका. आपल्याकडे नोव्हेंबर 2025 पर्यंत मोटार परिवहन कामगार कायदा होता, 1961 चा. त्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला 48 तास, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. लांब पल्ल्यासाठी फार तर दहा. शिवाय यात नुसतं स्टिअरिंगमागचं नव्हे, सगळं काम मोजायचं. कागदावर आपले दिवसाचे तास युरोपपेक्षा कडक! फक्त हे आठ तास मोजायला रस्त्यावर कुणी उभं नव्हतं, आजही नाही. आरटीओ पासिंग बघतो, परमिट बघतो, कर वाचवायला नागालँडला नोंदलेली गाडी असली तर कर बघतो. हा माणूस काल किती झोपला, हा रकाना कुठल्याच कागदावर नाही. सप्टेंबर 2021 मध्ये खुद्द गडकरींनी व्यावसायिक ट्रकचालकांना वैमानिकांसारखे तास ठरवून द्यायला हवेत, असं म्हटलं होतं. बसमध्ये जीपीएस आला, वेगावर लगाम आला. तास मात्र तसेच राहिले.

मला ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरचा राग येत नाही. लहानपणी अकोल्याच्या स्टँडसमोर त्यांना जवळून पाहिलंय. सकाळी सहाला गाडी लागते. मग टपावरची पार्सलं उतरवा, गाडी धुऊन घ्या. दिवसा उन्हात तापलेल्या त्याच गाडीच्या बर्थवर पाठ टेकायची आणि रात्री आठला परत निघायचं. पैसे फेरीवर, झोपेचे कोण देतो? दिवाळीत तर गाडी जागेवर थांबतच नाही. तिकिटाला मर्यादा आहे म्हणे, एसटीच्या दीडपट. 2018 पासूनची. पण दिवाळीतल्या प्रवाशाला विचारा! एवढं मोजूनही आपल्या वाट्याला येतो तो दमलेलाच माणूस. म्हणून ‘स्वस्तात काय मिळणार’ हा युक्तिवाद मला पटत नाही. माझी 24 युरोची बसही स्वस्तच होती.

हीच हिरवी कंपनी फेब्रुवारी 2024 पासून भारतातही आली आहे. ताईने मोठ्या आनंदाने कळवलं, ‘तुझी बस इकडे आली रे.’ मी म्हटलं, बस आली, टॅकोग्राफची सक्ती मागेच राहिली.

माझंही चुकतं. इथे बसून सल्ले देणं सोपं, आणि महिन्यातून एकदा घरी जाणाऱ्या पोराला दुसरा पर्यायही नसतो. एसटीची शयनयान मिळाली तर तो तीच घेतो, ती सगळीकडे नाही. बुकिंगच्या अ‍ॅपवर त्याला घोंगडी, पाण्याची बाटली, चार्जिंग आणि तारे दिसतात. ड्रायव्हरची झोप दिसत नाही. म्हणून मी भाच्याला एकच गोष्ट सांगितली होती: गाडी जेवायला थांबली की ड्रायव्हरजवळ जा, चहा पाज आणि काल रात्री कुठे होता ते विचार.

त्याने विचारलं. ढाब्यावरूनच मला आवाजी निरोप पाठवला, मागे भांड्यांचा खणखणाट. ‘मामा, काका म्हणाले काल पुण्याहून आले. परवा अकोल्याहून गेले होते. त्याच्या आदल्या दिवशी बी पुण्यातच. आज चौथी रात्र. म्हणतात, तू झोप बिनधास्त, मी हाये ना.’