भीमगडात लाकूड सडतंय म्हणे

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात एक मेसेज फिरतोय. 'भीमगडच्या जंगलात लाकूड सडून चाललंय. १९९६ पासून तोड बंद, म्हणून सागवान महाग. जुनी झाडं काढा, तिथं आकेशिया लावा. जंगलही राहील, लाकूडही मिळेल.'

आधी १९९६चं बघू. सर्वोच्च न्यायालयाच्या त्या वर्षीच्या आदेशानं तोड सरसकट बंद केली नाही. मंजूर कार्य आयोजनेनुसार, म्हणजे वन खात्याच्या आराखड्यानुसार, ती करता येते. भीमगड बंद आहे ते २०११ पासून अभयारण्य असल्यानं.

महागाईचं म्हणाल, तर भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०११च्या अहवालाचा अंदाज असा: देशाच्या जंगलांतून वर्षाला सुमारे ३२ लाख घनमीटर लाकूड येतं, जंगलाबाहेरच्या झाडांतून सुमारे ४ कोटी २८ लाख. बाजार चालतो तो बांधावरच्या आणि लागवडीतल्या लाकडावर. भीमगड उघडून भाव कितीसा उतरणार?

आता 'सडणारं' लाकूड. धनेश पक्षी घरटं करतो ते जुन्या झाडाच्या ढोलीत. मादी आत बसून ढोलीचं तोंड लिंपून घेते, नर बाहेरून फळं भरवतो. दहा वर्षांत तोडायच्या आकेशियाला ढोली पडणार कधी? शिवाय त्याचा पाला लवकर कुजत नाही आणि गुरंही तोंड लावत नाहीत, हे कुठल्याही गुराख्याला विचारा. प्रत्येक तोडीनंतर उतार उघडा पडतो. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीचा पाऊस ज्यानं अंगावर घेतलाय, त्याला पुढचं सांगायला नको. वाहून जाणारी माती शेवटी मलप्रभेवरच्या सौंदत्तीच्या धरणात, आणि त्याच धरणाचं पाणी हुबळी-धारवाड पितं.

'जंगल राहील' हे मात्र कागदावर खरं आहे! एक हेक्टरवर दहा टक्के झाडोऱ्याची सावली असली की सर्वेक्षणात ते वनाच्छादन. मूळ जंगलातले ऐन-किंदळ वृक्ष आणि लावलेला आकेशिया तिथं सारखेच.

लाकूड लागवडीतून यावं हे मला मान्यच. कारखान्यांनी कच्चा माल शेतकऱ्यांकडून पिकवून घ्यावा, असं १९८८चं राष्ट्रीय वन धोरणही सांगतं. पण ती लागवड माळावर, बांधावर, पडीक रानात हवी. उभं जंगल काढून त्या जागी नको. आणि शेतकरी सागवान लावायला कचरतो त्याचं कारण वेगळंच आहे: स्वतःच्या रानातलं सागवान तोडायलाही कर्नाटकाच्या १९७६च्या वृक्ष कायद्यानं परवानगी लागते. सुरूच्या झाडाला, सिल्व्हर ओकला लागत नाही. मेसेज लिहिणाऱ्याला सागवान स्वस्त हवं असेल, तर अर्ज ही परवानगीची अट काढण्यासाठी करावा.