काका, खेळ कुठला?

उंच उडालेला झेल सुटला की माझं एक वाक्य ठरलेलं असायचं. "ऊन डोळ्यांवर आलं." ते खोटंही नव्हतं. चष्मेवाल्याने उन्हात एक तर चष्मा लावून डोळे किलकिले करायचे, नाही तर चष्मा काढून साधा गॉगल चढवायचा आणि गारेगार अंधारात चाचपडायचं. माझा नंबर उणे ४.५०, वर उणे १ सिलिंडर, म्हणजे बुबुळाची गोलाई सारखी नसल्याचा वेगळा नंबर. साध्या गॉगलमधून मला चेंडू तर सोडाच, गोलंदाजसुद्धा आवाजावरून ओळखावा लागतो. पण एका रविवारी आभाळ भरून आलेलं असताना झेल सुटला आणि सवयीने तेच वाक्य तोंडातून गेलं. कप्तानाने आधी वर पाहिलं, मग माझ्याकडे. "तू नंबरचा गॉगल करून घे बाबा," तो म्हणाला. "हवं तर आम्ही वर्गणी काढतो."

वर्गणीची वेळ येऊ नये म्हणून बायकोला घेऊन चष्म्याच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोराने पहिलाच प्रश्न टाकला, "काका, खेळ कुठला?"

'काका' गिळला. खेळाचा काय संबंध, म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, काचेचा रंग खेळावर ठरतो. गॉगलचा रंग काळा असतो या समजुतीत मी इतकी वर्षं काढली होती. "क्रिकेट," मी म्हणालो. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण असा प्रश्न कुणी विचारला की माणसाला चेव चढतो. "सायकल असते. बॅडमिंटन. पोहणं." बायकोने 'पोहणं' ऐकून दुसरीकडे पाहिलं.

पोरगा खूश झाला. क्रिकेटला तपकिरी, कारण तो निळा उजेड अडवतो आणि हिरवळीवर चेंडू उठून दिसतो. भर उन्हात सायकल चालवायला करडा, म्हणजे उजेड कमी होतो पण रंग जसेच्या तसे दिसतात. आभाळ आलं तर पिवळा. बॅडमिंटन आत खेळता ना, मग रंग नकोच, पण काच पॉलिकार्बोनेटची घ्या, फूल डोळ्यावर बसलं तर फुटणार नाही. पोहण्याचे गॉगल तयार नंबरात मिळतात, मात्र त्यात सिलिंडर नसतो. सिलिंडरचा अर्धा भाग मूळ नंबरात मिळवायचा, म्हणजे तुम्हाला उणे ५. आकडेमोड त्याची बरोबर होती. चार खेळांना चार जोड्या. टेनिसवाल्यांनी शहाणपणा केला. १९७२ साली चेंडूच पिवळा करून टाकला. तोही टीव्ही बघणाऱ्यांच्या सोयीसाठी, पण निदान काही झालं ते चेंडूला झालं.

मी म्हटलं, त्यापेक्षा एकच, चांगला काळाकुट्ट दे. इथे पोरगा गंभीर झाला. काळेपणाच्या ० ते ४ अशा श्रेणी असतात. तिसरीतून ८ ते १८ टक्के उजेड आत येतो, चौथीतून ३ ते ८, आणि चौथीचा गॉगल लावून गाडी चालवायची नाही. शिवाय काळेपणाचा आणि अतिनील किरण अडण्याचा काही संबंध नाही. त्यासाठी ४०० नॅनोमीटरपर्यंतचं संरक्षण वेगळं बघून घ्यायचं. नुसती काळी काच लावली की अंधार झाला असं समजून बाहुली मोठी होते आणि ते किरण जास्तच आत शिरतात. थोडक्यात, चोर येणार म्हणून दिवे मालवायचे आणि दार सताड उघडं ठेवायचं.

उन्हात आपोआप काळी होणारी काच सुचवून पाहिली. काळी होते लवकर, पण निवळायला काही मिनिटं घेते. झेल तेवढा वेळ थांबत नाही.

मग फ्रेमची पाळी आली. फ्रेम घालून बघायची तर आपला चष्मा काढावा लागतो, आणि चष्मा काढला की आरसाच दिसत नाही. मी आरशात नाक टेकेपर्यंत वाकलो. एका वेळी एकच डोळा दिसला, आणि तो घाबरलेला होता. शेवटी बायको प्रत्येक फ्रेमचा फोटो काढी, मी धावत जाऊन चष्मा लावी आणि फोनमध्ये स्वतःला बघे. सात फ्रेम, सात फोटो. डोक्याला विळखा घालणारी, खेळाडू घालतात तसली फ्रेम मला आवडली. ती पोराने हळूच काढून घेतली. इतक्या नंबरात एवढी वाकडी काच लावली तर कडेचं सगळं तिरकं दिसतं आणि गरगरतं, म्हणाला. जरा सपाट फ्रेम माझ्या नशिबी आली.

"पोलराइज्ड बघा," म्हणून त्याने एक गॉगल माझ्या नाकावर ठेवला आणि समोर एक कार्ड धरलं. "साध्या डोळ्यांना यात काहीच दिसत नाही. आता मासा दिसतोय ना?"

मासा कसला, मला कार्डच दिसत नव्हतं. पण त्याचा उत्साह मोडवेना. "दिसतोय," मी म्हणालो.

"केवढा?"

"मोठा आहे."

त्याने कार्ड बघितलं, ते उलटं धरलं होतं म्हणून सुलटं केलं, आणि पुढे म्हणाला की पाण्यावरची चकाकी या काचेने मरते, मासेमारीला हिच्यासारखी दुसरी नाही. फोन मात्र आडवा-उभा करताना एका कोनात काळा पडतो. मासेमारी सुरू करावी का, असा विचार मी क्षणभर खरंच केला. एका जागी बसायचं, आणि सुटलेला मासा कप्तानाला दिसत नाही.

शेवटी तपकिरी, तिसऱ्या श्रेणीची काच ठरली. क्रिकेटपुरती. बाकीचे तीन खेळ मी तिथल्या तिथे सोडले. पोरगा बाहेरून आरशाचा मुलामा घ्या म्हणून मागे लागला. उजेड आणखी थोडा कमी होतो आणि भारी दिसतं, काका. "हे वय आहे का आरसे लावायचं?" मी म्हणालो. "लावा हो," बायको म्हणाली, "डोळे तरी झाकतील."

रविवारी लाँग ऑनला उभा होतो. ऊन अगदी समोरून. चेंडू उडाला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तो बॅटपासून हातापर्यंत दिसला. तपकिरी आभाळात लाल, गरगरणारा, शिवण मोजता यावी इतका स्वच्छ. मी दोन पावलं मागे सरलो, ओंजळ केली, चेंडू तिच्यात आला आणि बाहेर पडला.

सगळे माझ्याकडे बघत होते. ठरलेलं वाक्य ओठांपर्यंत येऊन परत गेलं. कप्तान चालत जवळ आला, माझ्या तोंडासमोर थांबला. त्याला माझ्या काचांमध्ये तो स्वतःच दोनदा दिसत असणार, कारण त्याने केस नीट केले आणि काही न बोलता परत गेला.