विक्रमी शिंगांचे श्रेय कोणाचे?

उत्तर अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे भव्य शिंगांसह छायाचित्र आणि त्याखाली तीन दावे, असा मजकूर सध्या फिरतो आहे: शिंगांना जितके फाटे तितकी हरणाची वर्षे; विक्रमी हरीण मारतो तो सर्वोत्तम शिकारी; आणि आजचे विक्रम कुंपणात पोसलेल्या हरणांचे. तिन्ही दावे चुकीचे आहेत, आणि रानाविषयी आस्था असणारी माणसेही ते खरे मानून पुढे पाठवतात याचे मला वाईट वाटते.

वयाचा दावा खोडायला अमेरिकेत जाण्याची गरज नाही. ताडोबातल्या पूर्ण वाढलेल्या चितळ नराच्या एका शिंगाला साधारणपणे तीन, म्हणजे दोन्ही मिळून सहा फाटे असतात, आणि नर आठ वर्षांचा झाला तरी ते सहाच राहतात. हरणाची शिंगे गाईबैलांसारखी कायमची नसतात. ती भरीव हाडाची असून दरवर्षी गळतात आणि मखमली कातडीखाली नव्याने वाढतात. पांढऱ्या शेपटीच्या हरणात भरपूर चारा मिळालेल्या दीड वर्षाच्या नरालाही आठ फाटे येऊ शकतात, तर म्हातारपणी शिंगे उतरणीला लागतात. म्हणूनच मारलेल्या हरणाचे वय ठरवताना जबड्यातल्या दाढांची झीज पाहतात.

कौशल्याच्या दाव्यासाठी मोजणी कशी होते ते पाहावे लागेल. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये स्थापन केलेल्या, शिकारीच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या बून अँड क्रॉकेट क्लबच्या, १९५० पासून रूढ असलेल्या पद्धतीत शिंगे किमान साठ दिवस वाळू देतात आणि मग मुख्य दांड्याची लांबी, प्रत्येक फाट्याची लांबी, प्रत्येक दांड्याचा चार ठिकाणचा घेर आणि दोन दांड्यांमधले आतले अंतर इंचाच्या आठव्या भागापर्यंत टेपने मोजून त्या इंचांची बेरीज म्हणजे गुण धरतात. टिपिकल, म्हणजे नेहमीच्या ठेवणीच्या शिंगांच्या गटात डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वजा होतो. नेम किती अचूक होता, गोळी किती लांबून झाडली, याला एकही गुण नाही. नॉन-टिपिकल, म्हणजे वेड्यावाकड्या जादा फाट्यांच्या शिंगांच्या गटातली सर्वांत मोठी दोन हरणे तर कोणी मारलेलीच नाहीत: मिसुरीतले ३३३ ७/८ गुणांचे हरीण १९८१ मध्ये सेंट लुईस परगण्यात मेलेले सापडले, आणि ओहायोतले ३२८ २/८ गुणांचे १९४० मध्ये रेल्वेमार्गालगत मेलेले मिळाले, ज्याचे मुंडके पुढे कित्येक वर्षे एका क्लबच्या भिंतीवर न मोजताच टांगलेले होते.

टिपिकल गटातला २१३ ५/८ गुणांचा विक्रम नोव्हेंबर १९९३ चा, कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातील बिगर गावाजवळचा. मिलो हॅन्सन हे शेतकरी. ताज्या बर्फात उमटलेला माग काढत ते शेजाऱ्यांसह हरणामागे गेले. त्यांची मेहनत मी नाकारत नाही, परंतु तशीच मेहनत त्या हंगामात हजारो जणांनी केली असणार. एवढी शिंगे येण्यासाठी नराला वंशाचे देणे लागते, सकस चारा लागतो आणि पाच-सहा वर्षे जिवंत राहावे लागते. यातले काहीही शिकाऱ्याच्या हातचे नाही.

कुंपणाचा दावा थोडक्यात आटोपतो. बंदिस्त फार्मवर याहून अवाढव्य शिंगे पोसली जातात हे खरे, पण बून अँड क्रॉकेट क्लब कुंपणातले हरीण नोंदीला घेत नाही. इलिनॉय राज्यात २०१८ मध्ये धनुष्यबाणाने मारलेले ३२७ ७/८ गुणांचे हरीण मोकळ्या रानातलेच होते.